डावा अंगठा मोकळा ठेव

अंगठा देणार नाही, असं थोरल्यांनी जाहीर केलं ते दात घासताना. त्यामुळे पहिल्यांदा ते कोणाला कळलंच नाही. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि वाक्यातलं अर्धंअधिक बेसिनमध्ये सांडलेलं.

"काय म्हणालात?" वहिनींनी आतून विचारलं. "पाणी येत नाही?"

थोरल्यांनी खळखळून चूळ भरली आणि शेजारच्या तीन दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं, "अंगठा देणार नाही म्हणालो! त्या टिकटिक्याच्या नावानं या घरात माझा अंगठा पुढे होणार नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "हनुवटी पुसा. फेस लागलाय."

पस्तीस-छत्तीस वर्षं संसार केल्यावर बायकोला नवऱ्याच्या गर्जनेतही आधी फेसच दिसतो. पण ते हनुवटी पुसत असताना वहिनींच्याही लक्षात आलं की प्रकरण साधं नाही. अंगठा न देणं म्हणजे या घरात फारच पुढची गोष्ट होती.

रंगवाल्यांच्या या घराचा एक शिरस्ता होता. घरात नवं माणूस यायचं, सून असो की जावई, तर त्यानं शेड कार्डातून एक छटा निवडायची. घरातल्या कोणीतरी ती दुकानात हातानं कालवायची. ज्यानं कालवली त्याच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर पहिला थेंब, मग बाकीच्यांचे अंगठे, आणि सरतेशेवटी दुकानाच्या चौकटीवर एक ठिपका. नखावरच का, याचं उत्तर आजोबा देऊन गेले होते: नख गुळगुळीत असतं, थेंब लवकर वाळतो, आणि नख दारात नेऊन उजेडाला धरता येतं. भिंत उचलून दारात नेता येत नाही. म्हणून दुकानातली प्रत्येक छटा आधी नखावर चढायची आणि मग गिऱ्हाइकाच्या घरावर. बाजारात या कुटुंबाला लोक अंगठेवालेच म्हणायचे, आणि ते ओळखू यायचेही लांबून. हस्तांदोलनाला उजवा हात पुढे करायचे, डावा मात्र असा जपून धरायचे की जणू त्यात चिमणीचं पिल्लू आहे.

आता नवं माणूस येणार होतं ते आत्याच्या पाठोपाठ. आत्या म्हणजे थोरल्यांची बहीण, एकसष्ट वर्षांची. आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्यामागच्या त्या उंच स्टुलावर बसून तिनं रंग कालवले होते, लग्न राहून गेलं होतं, आणि आता अचानक कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यांशी उद्या नोंदणी करायची ठरली होती. घड्याळवाले विधुर. काट्यांना लावायला म्हणून काळ्या रंगाची डबी न्यायला पहिल्यांदा आले, मग आठवड्याला एक नेऊ लागले. एवढ्या काळ्या रंगात शहरातलं प्रत्येक घड्याळ काट्यांसकट बुडालं असतं, हे घरात धाकट्यांच्या, म्हणजे थोरल्यांच्या भावाच्या, सगळ्यात आधी लक्षात आलं होतं. पण धाकटे बोलले नाहीत. धाकट्यांचा डोळा आत्याच्या स्टुलावर होता. तिथे त्यांना आपलं रंग मिसळायचं मशीन सरकवायचं होतं.

"मी तर म्हणतो चांगलंच आहे," ते चहा ओतून घेत म्हणाले. "दाजी सज्जन माणूस आहेत."

"दाजी कोणाला म्हणतोस रे?" थोरले कडाडले. "अजून नाक पुसायची अक्कल नाही आणि दाजी!"

"मला अठ्ठावन्न पूर्ण झाली, दादा."

"नाकाला कळवलंस का?"

वहिनी यात नवऱ्याच्या बाजूनं होत्या, पण कारण स्वतःचं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. नणंदेला त्या परवाच म्हणाल्या होत्या, "तुम्ही खुशाल जाल हो. पण ह्यांचं सगळं बोलणं दिवसभर निम्मं तुम्ही ऐकत होता आणि निम्मं मी. आता अख्खं माझ्या एकटीच्या वाट्याला. माझे कान काही दोनाचे चार होणार नाहीत."

*

मधल्या खोलीत खिडकीपाशी टेबल ओढून ठिपकीनं आपली पेटी उघडली होती. ठिपकी ही थोरल्यांची मुलगी. लहानपणी भिंतीवर, ताटावर, झोपलेल्या काकाच्या टकलावर, दिसेल तिथे ठिपके काढायची म्हणून ठिपकी, आणि आता तिनं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नखं रंगवायचं पार्लर काढलं होतं. थोरल्यांना ते सांगायची लाज वाटायची. कोणी विचारलं तर म्हणायचे, मुलगी सजावटीच्या कामात आहे.

"नखं रंगवणं हा काय धंदा?" असं ते एकदा म्हणाले होते, डाव्या अंगठ्यावर पिस्त्याचा रंग वाळवत.

"तुम्ही एक रंगवता, मी दहा," ठिपकीनं उत्तर दिलं होतं. "माझा धंदा तुमच्या दसपट आहे."

आज तिच्यासमोर आत्याचे हात होते. कोमट पाण्यात भिजवून, पुसून, पांढऱ्या टॉवेलवर ठेवलेले. रुंद हात. डबे हलवून मनगटं पुरुषासारखी झालेली, आणि नखांच्या कडांत जुने रंग असे बसलेले की कुठला कुठल्या घराचा, ते आत्यालाच ठाऊक. लाकडी काडीनं ठिपकी एकेका नखाभोवतीची कातडी हलकेच मागे सारत होती.

"हात सैल सोड ना, आत्या. मी काही अटक करत नाहीये."

"सैल कसा सोडतात तेच विसरले गं मी. आणि डावा अंगठा मोकळा ठेव हं."

"माहितीये. तो घराचा."

"घराचा नाही. दादाचा." आत्या खिडकीबाहेर बघत होती. "त्यानं नाही दिला, तरी लग्न उद्या होणारच. ते काही मी अडवून धरलेलं नाही. पण बाकी कोणाचे अंगठे नसले तरी चालेल मला, ठिपके. दादाचा हवा. त्याचा नसला तर माझा असाच उघडा राहील. मग मी गेले असं होईल, निघाले असं होणार नाही."

ठिपकीनं तिच्या करंगळीला रंगाखालचा बेस कोट लावला. आत्याला गप्प बसणं जमायचं नाही. रंग ढवळताना ती मनाशी ओळी जुळवायची, आजही जुळल्या:

*चार बोटं माझी निघाली नटून थटून*
*अंगठा भाऊराया बसे कोपऱ्यात रुसून*

"ऐकतील ना बाबा बाहेर!"

"ऐकू दे की. रुसलेल्या माणसाला आपण रुसलोय हे लोकांना कळलंय, एवढं कळलं तरी अर्धं बरं वाटतं."

ठिपकीनं सगळी रात्र मनात घोळवून नक्षी ठरवली होती. गर्द हिरव्या जमिनीवर लाल फुलं, प्रत्येक नखावर वेगळ्या कोनातून उमललेली: करंगळीवर कळी, मधल्या बोटावर पूर्ण फूल, तर्जनीवर गळून पडणारी एकच पाकळी. काचेच्या तुकड्यावर तिनं तीन लाल एकत्र केले, केसाएवढ्या ब्रशनं पाकळ्यांच्या कडा ओढल्या. उजवा हात पुरा झाला तेव्हा तिला स्वतःलाच त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"सुंदर," आत्या म्हणाली, आणि तिनं असा सुस्कारा टाकला की ओली पाकळी थरथरली.

"काय झालं?"

"काही नाही. त्यांना दिसणार नाही."

"चष्मा आहे की त्यांना."

"चष्म्यानं भागत नाही, बाई. लाल आणि हिरवा त्यांना एकच. जन्मापासून."

ठिपकीचा ब्रश हवेतच राहिला. "काय सांगतेस! रंगांध? आणि आपल्या घरात?"

"हळू बोल."

"अगं पण दर आठवड्याला रंग न्यायला यायचे!"

"काळा न्यायचे," आत्या लाजून म्हणाली.

ठिपकीनं तोंडात टॉवेल कोंबला. हसून झाल्यावर तिनं विचारलं, "बाबांना माहितीये?"

"माहीत असतं तर सकाळी ब्रश गिळला असता त्यानं. निळा नीट दिसतो त्यांना. संध्याकाळी शेड कार्ड पुढे केलं की ते निळा काढतील, ओठ मिटून बसतील, आणि आपण सुटू. ठरलंय आमचं."

ठिपकीनं फोन काढला, आत्याच्या हाताचा फोटो घेतला आणि त्यातले रंग काढून टाकले. काळ्यापांढऱ्यात फुलं नव्हती, पानं नव्हती. पाच नखांवर एकसारखा गाळ होता. तिनं दोन तास कोरलेला गाळ.

तिनं मुकाट्यानं कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये बुडवला.

"अगं, पुसतेस कशाला? मला आवडलंय ना!"

"नखं कोणाची हे मी विचारलं, बघणार कोण हे विचारलंच नाही," ठिपकी घासत म्हणाली. "पहिला धडा चुकले. बाबांना सांगू नकोस, मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

मग ती नव्यानं बसली. या वेळी रंग निवडताना ती डोळे बारीक करून बघत होती, पुन्हा पुन्हा फोनवर काळंपांढरं करून ताडून पाहत होती. डाव्या करंगळीवर जांभळट काळा. अनामिकेवर बाटलीच्या काचेचा हिरवा. मधल्या बोटावर जुन्या विटेचा लाल, पण हिरव्याहून एक पायरी उजळ. तर्जनीवर मोरपंखी, आणखी एक पायरी वर. अंगठा मोकळा. पलीकडे उजव्या अंगठ्यापासून मोहरी, मग गुलाबी, मग पोपटी, मग आकाशी, आणि उजव्या करंगळीवर दुधाच्या सायीचा पांढरा. डोळे असलेल्याला नऊ वेगळे रंग. आणि ज्याला लाल-हिरवा एकच त्याला अंधारातून उजेडाकडे चढत जाणारा जिना. काही नखांना तिनं काचेसारखी चमक दिली, काहींची मुद्दाम मारून मखमलीसारखी ठेवली. उजव्या अंगठ्यावर घट्ट रंगाचे बारा बारीक ठिपके गोलात बसवले, बोटाला लागतील असे उंच.

आत्यानं दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"मधली पायरी रिकामी दिसतेय गं," शेवटी ती म्हणाली.

"ती बाबांची," ठिपकी म्हणाली.

*

घड्याळवाले आले ते बरोबर सांगितलेल्या वेळी, आणि त्याबद्दलही थोरल्यांना राग आला. "धंद्याची सवय. त्यात कौतुक काय?"

धाकट्यांनी पुढे होऊन दार उघडलं. घड्याळवाले उंच, किडकिडीत, जरा पुढे वाकलेले होते, जणू सगळ्या जगाचं झाकण काढून ते आत डोकावत आहेत. दारातच त्यांनी बूट काढले. धाकट्यांची नजर खाली गेली, आणि तिथेच अडकली.

"दाजी, हे नवीन निघालंय का? एक मोजा लाल, एक हिरवा?"

"अरेच्चा!" घड्याळवाल्यांनी कुतूहलानं आपल्या पायांकडे पाहिलं. "कुठला लाल?"

मधल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या आत्यानं डोळे मिटले. आठवडाभर रचलेला बेत मोज्यांत कोसळला होता.

"कुठला म्हणजे?" थोरले खुर्चीतून उठले. "कुठला लाल म्हणजे काय?"

"मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हो," घड्याळवाले अगदी साधेपणानं म्हणाले, पाहुणा आपण साखर घेत नाही असं सांगतो तसे. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. "अरे हो. हे सांगायचं नव्हतं, नाही का?"

मग थोरल्यांनी असा आनंदी चेहरा केला, जो घरात गेला महिनाभर कोणी पाहिला नव्हता.

"आंधळा! रंगांध! ऐकलंत सगळ्यांनी? आमच्या आजोबांनी नखावर नख घासून जे उभं केलं, त्या घरात हे! उद्या कसाई शाकाहारी जावई आणेल! पोहायला शिकवणारा बुडालेला आणेल!"

"बुडालेला कसा आणेल, दादा?" धाकटे म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. स्टूल हवं होतं हे खरं, पण बाजारात लोक काय म्हणतील ते आता त्यांना ऐकू यायला लागलं होतं. ते हळूच सरकून भावाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "पण दाजी, म्हणजे, अहो, आधी सांगायचं तरी."

"बघा, हाही फिरला," आत्या म्हणाली. "वाऱ्यावरचा कोंबडा."

"आत्याबाई, तुम्ही बोलू नका," थोरले म्हणाले. लाडात असले की ते तिला अजूनही छकुले म्हणत. आत्याबाई हे त्यांनी खास या महिन्यासाठी काढलेलं होतं. "तुम्हाला ठाऊक होतं! तुमची नखं आज सकाळपासून रंगतायत. कोणासाठी? या माणसाला ती चिखलात बुडवलेली दिसणार!"

"बाबा, विचारून तर बघा काय दिसतात ती," ठिपकी म्हणाली.

घड्याळवाले आधीच आत्याच्या हातांवर वाकले होते. खिशातून त्यांनी डोळ्याला लावायचं छोटं भिंग काढलं. आत्यानं दोन्ही हात त्यांच्या पुढे धरले. ते करंगळीपासून निघाले, सावकाश, एकेक नख करत.

"इथे रात्र आहे," ते म्हणाले. "मग थोडी कमी रात्र. हे दोन वाळलेले, हे तिसरं ओलं वाटतंय पण ओलं नाही, चमक दिलीय. असं चढत चढत इथे पहाट झाली." त्यांनी उजव्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं आणि ते एकदम थांबले. "अगं, हे तर बाराही आकडे आहेत."

"ठिपकीनं केलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरासा ओला झाला होता.

"एकच खटकतं. मधली एक पायरी गाळलीय. इथे एक दात तुटलाय चाकाचा."

"तो तुटलेलाच राहणार!" थोरले म्हणाले. "बरं झालं उघडकीला आलं. आता करा निवड शेड कार्डातून, करा! लालातला हिरवा काढून दाखवा!"

घड्याळवाल्यांनी शेड कार्ड हातात घेतलंच नाही. ते भिंग तसंच डोळ्याला लावून सरळ उभे राहिले होते आणि थोरल्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते.

"तुमच्या भिंतीला ठिगळ आहे," ते म्हणाले.

*

या खोलीला रंग लावा म्हणून वहिनी किती वर्षं बडबडत होत्या याची गणती नाही. रंगवाल्याचं घर आणि बसायच्या खोलीला तोच जुनाट करडा पारवा. थोरले दर वेळी काहीतरी कारण काढायचे. आता हवा दमट आहे, आता हंगाम आहे, आता पाठ धरलीय. त्यामुळे 'ठिगळ' हा शब्द ऐकून वहिनींनी आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. भिंतीत काही दिसलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं.

"कुठे ठिगळ?" थोरले म्हणाले. "काहीतरीच. नाहीये."

"हे काय, ताटाएवढं." घड्याळवाले भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बोटानं हवेत गोल काढला. "रंग नाही कळत मला, पण चमक कळते. बाकीची भिंत उजेड पिते. इथला तुकडा उजेड परत देतो. थोडासाच. फार सुरेख काम आहे पण. कोणी केलंय?"

धाकट्यांनी नाक भिंतीला लावलं. ठिपकी खुर्चीवर चढली. "मला काहीच दिसत नाही," दोघं एकदम म्हणाले.

"दिसणारच नाही तुम्हाला!" थोरल्यांच्या तोंडून निसटलं. "छत्तीस वर्षांत कोणाला दिसलं नाही!"

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण वहिनी आता त्यांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"छत्तीस वर्षांपूर्वी आपलं लग्न झालं," त्या म्हणाल्या. "काय आहे त्या ठिगळाखाली?"

"खड्डा."

"कसला खड्डा?"

थोरल्यांनी आत्याकडे पाहिलं. शेवटी आत्याच बोलली, "डबा फेकला होता त्यानं, वहिनी. बाबा म्हणाले होते, चुन्याच्या दुकानातली मुलगी या घरात येते म्हणजे रंगाचा अपमान आहे, मी अंगठा देणार नाही. दादानं डबा उचलला आणि भिंतीवर मारला. मग बाबा बाजारातून यायच्या आत भरून, रंगवून मोकळा झाला. मी दाराशी पहारा करत होते."

वहिनी माहेरच्या चुनेवाल्या. लग्नात आपण निवडलेल्या फिक्या गुलाबीला सासऱ्यांनी कुत्र्याची जीभ म्हटलं होतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "डबा?"

"रागात होतो," थोरले पुटपुटले.

"केवढा डबा?"

"चार लिटरचा."

"भरलेला?"

"निम्मा."

"निम्मा का असेना!" वहिनींचा चेहरा असा उजळला होता की ठिपकीला वाटलं, आईला कुणीतरी आतून चमक दिलीय. "अहो, मला जन्मभर वाटत आलं की ह्या माणसानं माझ्यासाठी कधी साधं दार आपटलं नाही! आणि इथे मी रोज भिंत पुसतेय, त्या डब्यावरून हात फिरवतेय, आणि मला पत्ता नाही!" मग त्यांचा आवाज बदलला. "थांबा. म्हणजे तुमच्या बाबांनी अंगठा अडवला तेव्हा तुम्ही डबा फेकलात. आणि आज?"

"आजची गोष्ट वेगळी आहे."

"कशी वेगळी? ताईंनी फेकायला हवा होता का डबा? आहेत ढीगभर बाहेर. ठिपके, एक आण गं. भरलेला आण."

थोरल्यांनी आधारासाठी धाकट्याकडे पाहिलं. धाकटे वहिनींच्या बाजूला सरकले होते.

"बाबांनी सकाळी अंगठा का दिला, ते मला कधीच कळलं नाही," थोरले म्हणाले. आवाजातली गर्जना गेली होती. "आदल्या दिवशी नाही म्हणाले, सकाळी गुपचूप पुढे केला."

"मी सांगितलं त्यांना," आत्या म्हणाली.

"छकुले! तू भिंत दाखवलीस बाबांना?"

"दाखवली. त्यांना ठिगळ सापडेना. अर्धा तास शोधत होते. मग म्हणाले, पोराचा हात बसला. आणि गेले दाढी करायला."

थोरले त्या भिंतीकडे बघत राहिले, जणू बाबा आत्ताच तिथून उठून गेले होते.

घड्याळवाल्यांनी घसा साफ केला. "मला निवडायचं होतं ना?" ते म्हणाले. "मग हे ठिगळ. हा रंग हवा मला. त्या मधल्या पायरीवर बरोबर बसेल तो."

*

"मशीनवर धरतो!" धाकटे दुकानात पळाले. "दोन मिनिटांत काढून देतं!"

मशीननं दोन मिनिटांतच काढून दिला. धाकट्यांनी तो काचेवर थापला आणि सगळे भोवती जमले. थोरले मागे उभे होते, हाताची घडी घालून, या सगळ्याशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. मग त्यांनी मान थोडी लांब केली. मग थोडी अजून.

"हे काय आहे?"

"पारवा, दादा. मशीन सांगतंय."

"मशीनला म्हणावं हे ओलं सिमेंट आहे. सरक!"

त्यांनी भावाला कोपरानं बाजूला ढकललं आणि डबी ओढली. पांढरा घेतला. लाल उचलला, आणि काठीच्या टोकानं त्यात सोडला.

"लाल कशाला?" ठिपकीनं विचारलं.

"गप्प बस आणि बघ. नखं रंगवतेस ना?" त्यांनी हिरव्याचं झाकण उडवलं. "काळा घालून कोणीही राख करेल. बाबांचा पारवा काळ्यातून आलेलाच नाही. लालात हिरवा सोडायचा. थेंब थेंब. दोघंही आपापला तोरा सोडतात, एकमेकांत विरतात, आणि मागे जे उरतं ना..." ते ढवळत होते. हात म्हातारा झाला होता, पण काठी डबीच्या कडेला एकदाही लागत नव्हती. "लाल उरत नाही, हिरवा उरत नाही. ओळखूच येत नाहीत. हा खरा पारवा."

ते क्षणभर थांबले. घड्याळवाल्यांच्या मोज्यांकडे त्यांची नजर गेली, एका पायाकडून दुसऱ्याकडे. मग ते पुन्हा ढवळू लागले, आधीपेक्षा सावकाश.

आत्या आपल्या जुन्या स्टुलावर बसली होती, दोन्ही पंजे पसरून, कुठे लागू नयेत म्हणून. तिनं ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. दादानं काठी वर उचलली, थेंब लांबवला, तुटू दिला. आणि आयुष्यभर ज्या सवयीनं हात चालला त्याच सवयीनं त्यानं डावा अंगठा त्याच्या खाली धरला. थेंब नखावर पडला. दादानं तो काठीच्या टोकानं पसरवला, फुंकर घातली, आणि अंगठा पुढे करून दाराकडे चालू लागला.

ठिपकीनं तोंड उघडलं. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. धाकट्यांनी स्वतःचाच हात स्वतःच्या तोंडावर दाबला.

दारात उतरत्या उन्हाचा उजेड होता. थोरल्यांनी अंगठा त्यात धरला, तिरका केला, सरळ केला. घड्याळवालेही भिंग घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांची डोकी एका नखावर वाकली.

"जमलाय," घड्याळवाले म्हणाले. "चमक तीच आहे. फक्त जरा हिरवट तर नाही ना झाला?"

"हिरवट?" थोरले खवळले. "अहो दाजी, डोळे आहेत की बटणं? कुठून हिरवट दिसला तुम्हाला? याहून स्वच्छ पारवा अख्ख्या बाजारात..."

ते तिथेच थांबले. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मागे वळून सगळ्यांकडे. सगळे शेड कार्ड, पंखा, छत, जे सापडेल ते बघत होते.

"मी अंगठा दिलेला नाही," थोरले म्हणाले. "तपासत होतो."

"तपासा की," वहिनी म्हणाल्या. "कोणी काही म्हणालं का? वाळू दे नीट."

थोरले तसेच उभे राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, काय साहेब, नवीन रंग? त्यांनी अंगठ्यावर पुन्हा फुंकर घातली. बऱ्याच वेळानं ते आत आले, डबी उचलली आणि स्टुलासमोर येऊन उभे राहिले.

"आण इकडे," ते म्हणाले.

आत्यानं डावा हात पुढे केला. चार नखं रंगलेली, अंगठ्याचं उघडं, सगळ्या छटा चाखून चाखून पिवळं पडलेलं. थोरल्यांनी त्यावर थेंब सोडला. लेकीकडे न बघताच त्यांनी मागे हात केला, आणि ठिपकीनं त्यांच्या हातात आपला केसाएवढा ब्रश ठेवला. त्यांनी कडा ओढल्या. मान मागे नेऊन ते बघत राहिले. काळोखाकडून उजेडाकडे, दहाच्या दहा.

"हे तू केलंस?" त्यांनी ठिपकीला विचारलं. "हा विटकरी हिरव्याच्या वर एक पायरी कसा काढलास?"

"सांगेन," ठिपकी म्हणाली. "पार्लरला या. दहाही नखांचं करून देईन."

"फाजीलपणा नको."

बाकीचे अंगठे रांगेत पुढे झाले. वहिनींनी दोन्ही पुढे केले, एक डब्याचा म्हणून. धाकट्यांनी चौकटीवर ठिपका लावला, फिक्या गुलाबीच्या शेजारी. घड्याळवाले आपलं नख भिंगाखाली धरून हसत होते. आणि आत्यानं, दोन्ही हात समोर धरून, वाळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही म्हणून डोळ्यांतलं पाणी तसंच गालावरून वाहू देत, मघाची ओळ पुरी केली:

*चार बोटं माझी निघाली नटून थटून*
*अंगठा भाऊराया आला भिंतीतून उठून*

"भिंतीतून काय, छकुले," थोरले म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी तिचा गाल पुसला. अंगठा मात्र वर धरलेला होता, रुमालाला लागू नये म्हणून.